स्वर्गरथासाठी वकील पाहिजे

५ जानेवारी

कृषी केंद्रवाल्याने या वर्षीही डायरी दिली. दर वर्षी मी तिच्यात फवारणीच्या तारखा लिहितो आणि पेरणीपर्यंत ती हरवते. या वर्षी तसं होऊ द्यायचं नाही. मोठं सार्वजनिक काम हाती घेतलं आहे, त्याची नोंद राहिली पाहिजे. आणि ती शुद्ध भाषेत राहिली पाहिजे. सोसायटीचा अध्यक्ष असताना माझं प्रास्ताविक ऐकून वणीच्या साहेबांनी विचारलं होतं, हे भगवानराव देरकर शिकले कुठे?

कारण लिहून ठेवतो. आमच्या गावचा उकंडा मागच्या आठवड्यात यवतमाळच्या दवाखान्यात वारला. त्याला घेऊन येणाऱ्या खाजगी गाडीवाल्याने आमच्या फाट्यावर गाडी थांबवली, पुढचा जंगलातला रस्ता पाहिला आणि म्हणाला, "माही गाडी नवीन हाये." उकंडाला तिथेच उतरवून तो निघून गेला. शेवटी तांड्यावरचा गुलाबसिंग नायक, माझा लहानपणापासूनचा दोस्त, ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत अर्धा कापूस होता, त्याच्यावरच उकंडाला ठेवला. अर्ध्या रस्त्यात ट्रॅक्टरचा हॉर्न अडकला. तो साधा हॉर्न नाही, त्यात वरातीची धून आहे. गावातली पोट्टी वरात आली म्हणून नाचत समोर आली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उकंडाची बायको जमनी दारात उभी होती. ती म्हणाली, "वाजू द्या भाऊ. त्याले वरातीत नाचाची लय हौस होती."

त्याच दिवशी गुलाबसिंग आणि मी ठरवलं. आपल्या भागाला स्वर्गरथ पाहिजे. वणीच्या एका व्यापाऱ्याकडे जुनी व्हॅन उभी आहे, वडिलांच्या आठवणीसाठी तो ती द्यायला तयार आहे. पण म्हणतो, "माणसाच्या नावावर देणार नाही. रजिस्टर ट्रस्ट आणा. उन्हाळ्यात नाही आणला तर दुसरं गाव पाहीन."

म्हणजे आता वकील पाहिजे.

घरी काही सांगायचं नाही असं ठरलं आहे. मरणाचा शब्द काढला की भागीरथा "अभद्र बोलू नोका" म्हणत पानावरून उठते. काम झालं की एकदम सांगू.

९ जानेवारी

मारेगावला गेलतो. ॲड. धर्मपाल यांचं नाव मोठं आहे. कानाने थोडे कमी आहेत, पण कोर्टात ते चालतं म्हणतात.

मी म्हणालो, "साहेब, ट्रस्ट करायचा आहे."

"पोरं किती?"

"एक मुलगी. समीक्षा. नागपूरला असते."

"म्हणजे सगळं तिलेच देता?"

"तिले कायले? गाडी आहे साहेब. मेल्यावरची."

त्यांनी लिहून घेतलं. गुलाबसिंग मध्ये पडला. "साहेब, मुर्दा न्याची गाडी हाये. सगळ्याइले जागा हाये त्याच्यात."

"गाडी मृत्युपत्रात टाकता येते," वकील साहेब म्हणाले. "वावराचं सांगा. धुऱ्याचं काही भांडण?"

आता धुऱ्याचं, म्हणजे बांधाचं, कोणाला नसतं? शेजारी रामधन दर वर्षी वखर माझ्या बाजूला सरकवतो, हे मी सहज सांगितलं. साहेब एकदम खुलले. चहा मागवला. नकाशा काढला. ते इतकं मन लावून ऐकत होते की मीही सांगत गेलो.

परत येताना एसटीत गुलाबसिंग म्हणाला, "भगवानभाऊ, आपण ट्रस्ट कराले गेलतो ना?"

"हो."

"मंग रामधनले नोटीस काहून देऊन आलो?"

१२ जानेवारी

धर्मपाल साहेबांच्या मुन्शीचा फोन आलता, मी वावरात होतो. भागीरथाने घेतला. काय म्हणाला विचारलं तर म्हणाली, "तुमच्या मृत्युपत्राचा कागद तयार हाये म्हंते."

मी म्हणालो, "बरं बरं. त्यात तू लक्ष घालू नको. वेळ आली की तुला कळेलच."

ती आत गेली. कांदे चिरत असावी, डोळे लाल झाले होते.

१४ जानेवारी

संक्रांत. आश्चर्य आहे. डॉक्टरने साखरेची बंदी घातल्यापासून ही माझ्या हातातला पेढा हिसकून घेते. आज स्वतःच्या हाताने तिळाचा लाडू भरवला. पुरणपोळीवर तुपाची धार. मी तिसरी पोळी मागायला भीत होतो, तिने न मागता वाढली. "खा," म्हणाली, "जे मनात असन ते खा."

सार्वजनिक कामाचं तेज माणसाच्या तोंडावर येतं आणि घरच्यांना ते न सांगता दिसतं, असं माझं मत झालं आहे.

समीक्षाचा फोन आला. "बाबा, तुमी खुश आहात ना?" आवाज बसलेला होता. नागपूरला थंडी फार.

१७ जानेवारी

रामधन नोटीस घेऊन दारात आला. भांडायला आला असेल म्हणून मी काठी जवळ ठेवली. तो म्हणाला, "काका, हे इंग्रजी हाये का मराठी, तेवढं सांगा." मी वाचून दाखवलं. माझीच नोटीस मलाच वाचावी लागली. त्याने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, "एवढंच होय? मले वाटलं काळीपिवळीचा जुना चालान हाये." तो आधी मारेगाव-मुकुटबन काळीपिवळी चालवायचा.

दोघांनी जाऊन धुऱ्यावर दगड रोवले. चहा त्याच्याकडे झाला. त्याची आई गोड करते चहा. हल्ली सगळीकडे गोडच मिळून राह्यलं.

(मिळत आहे. शुद्ध लिहायचं आहे.)

२२ जानेवारी

वणीचे वकील. एसी ऑफिस, काचेचा टेबल, त्याखाली देवांचे फोटो. हे खास ट्रस्टचेच वकील.

"देरकर साहेब," ते म्हणाले, "एका गाडीसाठी कोणी ट्रस्ट करतं का? मोठा विचार करा." आणि त्यांनी आमच्यासमोरच मजकूर सांगायला सुरुवात केली. इंग्लिश मीडियमची शाळा, नर्सिंग कॉलेज, गोशाळा, योग केंद्र. सचिव त्यांचा साळा. स्वर्गरथ शेवटच्या पानावर 'इतर' मध्ये गेला. नाव मात्र त्यांनी फार चांगलं सुचवलं: 'श्री. भगवानराव देरकर बहुउद्देशीय शिक्षण व लोककल्याण ट्रस्ट'. ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मी इथे कबूल करतो.

गुलाबसिंग उठून उभा राहिला. "अन् मी काय गाडीचा टायर हाये का?"

"नायक, तुमचं नाव विश्वस्तात राहील," वकील म्हणाले.

"ट्रॅक्टर माहा, कापूस माहा, अन् बोर्ड याचा!"

मी म्हणालो, मजकूर तरी नीट ऐकून घे. तो म्हणाला, तूच ऐक. एसटीत तो ड्रायव्हरच्या मागे बसला आणि मी शेवटच्या सीटवर. फाट्यावर उतरून तो तांड्याकडे गेला, मी गावाकडे. 'येतो' सुद्धा म्हणाला नाही.

२९ जानेवारी

वणीच्या वकिलांनी ट्रस्टच्या ऑफिसात लावायला मोठा फोटो सांगितला होता. मुकुटबनच्या बबलूकडे काढून घेतलता. आज त्याने घरपोच दिला. फेटा, शाल, नजर दूर. बबलू धंदेवाईक माणूस, प्रत्येक मोठ्या फ्रेमवर चंदनाचा हार फुकट घालून देतो.

मी घरात नव्हतो. आलो तेव्हा भागीरथा ओसरीवर खांबाला टेकून बसली होती आणि फोटो तिच्या समोर होता. मला पाहून तिने पदर तोंडाला लावला. इतक्या वर्षांच्या संसारात माझ्या फोटोने ती इतकी गहिवरलेली मी पाहिली नाही.

"चांगला आला ना?" मी विचारलं.

"तुमीच काढून घेतला?"

"मग? मागाहून घाई नको."

जेवायला शिरा होता.

५ फेब्रुवारी

गुलाबसिंग नाही तर करमत नाही. त्याची बायको मानीबाई बाजारात भेटली. "तुमचा दोस्त जेवत नाई बराबर. ट्रॅक्टर पुसत बसते दिवसभर," म्हणाली. मी म्हणालो, मला काय त्याचं. मग घरी येऊन मीही पोळी सोडली.

कोणाच्या आधाराशिवाय काम पुरं करून दाखवायचं. मारेगावला उर्वशी नावाची नवीन वकील आहे, प्रामाणिक म्हणतात. उद्या एकटा जातो.

६ फेब्रुवारी

उर्वशीबाईंचं ऑफिस म्हणजे घराची समोरची खोली. बाजेवर पापड वाळत होते, खाली बाकडं. बाकड्यावर गुलाबसिंग बसलेला.

मी म्हणालो, "तू इथे कायले?"

"तू कायले?"

दोघंही छताकडे पाहत बसलो. आतून आवाज आला, "पुढचे या." दोघंही एकदम उठलो आणि दारात अडकलो.

उर्वशी म्हणजे पोट्टीच, आमच्या समीक्षाहून लहान. तिने दोघांचं ऐकलं. मग पेन खाली ठेवलं.

"काका, फोन वाजला तर उचलन कोण?"

मी गुलाबसिंगकडे पाहिलं.

"गाडी चालवन कोण? डिझेल कोण भरन? उभी कुठे राहीन? पावसात रस्ता बंद असला तर?"

गुलाबसिंगने माझ्याकडे पाहिलं.

"नाव सांगू का?" मी विचारलं.

"नाव शेवटी," ती म्हणाली. "आणि एक नीट समजून घ्या. ट्रस्टले दिलेली वस्तू तुमची राहात नाई. ना तुमची, ना नायक काकाची, ना पोराबाळाची. धर्मादाय कार्यालय दर वर्षी हिशेब पाहते. हे पटत असन तर मी कागद करते. बोर्डासाठी करायचं असन तर वणीले जा."

मग गुलाबसिंग म्हणाला, "बेटा, गाडी माह्या ट्रॅक्टरच्या शेडात नाई मावत." मी म्हणालो, "फाट्यावर आमची जागा आहे." जागा खरं म्हणजे भागीरथाच्या नावावर आहे, तिच्या बापाने दिलेली. उर्वशी म्हणाली, मग काकूंचं संमतीपत्र आणा.

गाडी चालवायला रामधन चालेल, हे दोघांनाही एकदमच सुचलं. परत येताना एकाच सीटवर बसलो. गुलाबसिंगने खिशातून शेंगदाणे काढले.

८ फेब्रुवारी

संमतीपत्र भागीरथासमोर ठेवलं. म्हणालो, "वाचू नको, फक्त सही कर. फाट्यावरच्या जागेचं आहे. मी नसलो तरी लोक नाव घेतील असं काम आहे."

सही केली नाही. आत जाऊन समीक्षाला फोन लावला. बायकांना कागदाची फार भीती वाटते.

१० फेब्रुवारी

समीक्षा आणि जावई गाडी घेऊन आले. म्हणाले, दोन दिवस नागपूरला चला, बदल होईल. माझी कीर्ती जावयाच्या ऑफिसपर्यंत गेली असेल. शाल सोबत घेतली.

१२ फेब्रुवारी

आज काय झालं ते लिहितो. शुद्ध लिहिणं जमेल असं वाटत नाही.

ऑफिसातल्या मित्रांना भेटवायच्या ऐवजी जावयाने दवाखान्यात नेलं. रक्त काढलं, छातीला वायरी लावल्या, पोटावर थंडगार काहीतरी फिरवलं. मी समजलो, मोठ्या पदावर जाणाऱ्या माणसाची तपासणी करत असतील. शेवटी डॉक्टरसमोर बसवलं. समीक्षा एका बाजूला, भागीरथा दुसऱ्या बाजूला. डॉक्टर म्हणाले, बाकीच्यांनी बाहेर थांबा. भागीरथा म्हणाली, "मी हालत नाई."

डॉक्टरने कागद उलटले. "काका, कुठं दुखतं?"

"कुठंच नाही."

"बरोबर आहे. काही झालेलंच नाही तुम्हाला. फक्त शुगर फार वाढली आहे. गोड कोण देतं?"

सगळ्यांनी भागीरथाकडे पाहिलं.

समीक्षा आधी रडली, मग हसली, मग पुन्हा रडली. जावई भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. मला काही कळेना. भागीरथा मात्र पिशवी उचलून दाराकडे चालू लागली.

तिला आता घरीच जायचं होतं, म्हणून जावई आम्हाला सोडायला निघाला. वरोऱ्याला चहाला थांबलो तेव्हा तिने पोऱ्याला सांगितलं, "यांचा बिनसाखरेचा." मग माझ्याकडे वळली.

"वकील कायले?"

मी पोऱ्याकडे पाहिलं.

"मृत्युपत्र कायले? फोटोले हार कायले? फाट्यावरची जागा कायले? तुमी समाधीसाठीच मागून राह्यले, असं समजली मी!"

मग मी सगळं सांगतलं. उकंडाचं, गाडीचं, ट्रस्टचं. ऐकता ऐकता तिच्या हातातला कप तिरका झाला. बशीत चहा सांडत होता तरी तिले समजत नव्हतं.

"मी पिठात रडली," ती म्हणाली. "वावरात तुरी सोंगताना रडली. शेजारणीनं विचारलं तर म्हंलं, डोळ्यात कस्पट गेलं. अन् तुमी तिकडे दोस्तासंग एसटीनं फिरून राह्यले!"

"अवं, मी मरत नाही."

"आता मरतो म्हंलं तरी मरू देत नाई."

तिचा थंड झालेला चहा मी पिऊन टाकला, त्यात साखर होती, तर तिने कप ओढून घेतला.

१८ फेब्रुवारी

सहा दिवस घरात भाजीत मीठ नाही, चहात साखर नाही, बोलण्यात दोन्ही नाही. आज सकाळी भागीरथा लुगडं बदलून तयार झाली. "चला, कुठं हाये तुमची वकील."

तांड्यावरून मानीबाईला घेतलं. उर्वशीच्या खोलीत आम्ही दोघं पुरुष पापडाच्या बाजेजवळ उभे, आणि त्या तिघी बसलेल्या.

भागीरथा म्हणाली, "जागा देतो. सही करतो. पण एक सांग बाई, त्या गाडीत जित्या माणसाले बसता येते का?"

मी म्हणालो, "स्वर्गरथात जिवंत माणूस कसा बसेल?"

"काहून? नायकभाऊची सून बबिता ट्रॉलीतच बाळंत झाली ना पावसात? तवा कोणता रथ आला?"

मानीबाई मान खाली घालून म्हणाली, "वर ताडपत्री धरून उभी होती मी. पोरगं जगलं, देवाची कृपा."

गुलाबसिंग त्याच पोराचा आजा. तो ट्रॅक्टर चालवत होता त्या दिवशी, मागे न पाहता. मला तो हे कधीच बोलला नव्हता. आताही तो फक्त दारात जाऊन उभा राहिला.

उर्वशीने कागद फिरवला. "हे पहिल्या उद्देशात घेऊ. रुग्ण आणि बाळंतिणी आधी, अंत्यविधी नंतर."

"मेलेला माणूस थांबू शकते," भागीरथा म्हणाली.

मी विचारलं, आता तरी नाव? गुलाबसिंगला त्याच्या आजोबांचं पाहिजे होतं, मला कोणाचं ते मी सांगितलं नाही. वाद सुरू झाला. उर्वशी घड्याळाकडे पाहू लागली.

"'सोबत' म्हणा अन् सुट्टी करा," भागीरथा म्हणाली.

तेच लिहिलं.

२५ फेब्रुवारी

भागीरथाला घेऊन व्यापाऱ्याला सांगायला गेलो. मला भीती, उद्देश बदलला म्हणून हा गाडी नाकारेल. त्याने भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, "आमचे बाबा गाडी वेळेवर आली नाही म्हणूनच गेले." चावी त्याने तिथेच भागीरथाच्या हातात दिली. कागद नंतर आणा म्हणाला.

२१ एप्रिल

मधल्या दिवसांत लिहिण्यासारखं काही नाही. ऊन, तूर, यवतमाळच्या चकरा. धर्मादाय कार्यालयातून नोंदणी झाली. आज उर्वशीच्या समोर पहिली सभा. मी कोट घातला होता, प्रास्ताविकही पाठ होतं. अध्यक्ष कोण, असं तिने विचारलं. मी खाकरलो. रामधन म्हणाला, "काकू." मानीबाई म्हणाली, "बाई." गुलाबसिंग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "वहिनी."

मी उपाध्यक्ष झालो. उपाध्यक्षाला काम काय, असं विचारलं. उर्वशी म्हणाली, "अध्यक्ष नसल्यावर अध्यक्षाचं काम."

भागीरथा कधी नसते?

९ मे

आज नव्हती.

दुपारी फोन वाजला. डोंगरापलीकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे वस्तीवरची, पोरगी, पहिलटकरीण, सकाळपासून कळा. घरात दुसरी बाईमाणूस नाही. रामधनने गाडी काढली. भागीरथाने एक जुनं लुगडं, पाण्याची कळशी आणि दोन टॉवेल घेतले आणि समोर बसली. मी म्हणालो, मीही येतो. ती म्हणाली, "तुमी कायले? फोन कोण उचलन?"

फोनजवळ बसलो. गुलाबसिंगही आला. ऊन उतरलं. गुलाबसिंग दर थोड्या वेळाने विचारे, लागून राह्यला का रे फोन? मी उचलून कानाला लावून पाहत होतो.

मग वाजला. भागीरथाचा आवाज गाडीच्या आवाजात दबलेला. "पोरगी झाली. दोघी बऱ्या हायेत. दवाखान्यात ठेवून येतो. उशीर होईन, भात टाका."

भात. गुलाबसिंगला विचारलं, पाणी किती? त्याला माहीत नाही. मानीबाई बाजाराला गेलेली. दोन संस्थापक विश्वस्त गॅससमोर उभे. शेवटी उर्वशीला फोन लावला. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, हे ट्रस्टच्या उद्देशात बसत नाई." मग सांगितलं, बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत पाणी.

कोणाच्या बोटाच्या, ते विचारायचं राहिलं. माझं बोट लांब आहे. भाताची पेज झाली. आटवायला ती पुन्हा गॅसवर ठेवली.

दिवेलागणीला गाडीचा आवाज आला. मी फाटक उघडायला धावलो. गाडी आत आली, पण रामधनने हॉर्न दिला नाही. इंजिन बंद केलं आणि मला हाताने थांबा म्हणाला. समोरच्या सीटवर भागीरथा झोपली होती. डोकं काचेला टेकलेलं, पदरावर रक्ताचा डाग, मूठ मिटलेली, त्यात कोणीतरी दिलेली मोहाची सुकी फुलं.

रामधन हळूच म्हणाला, "उठवू का काका?"

मी म्हणालो, नको. राहू दे थोडा वेळ. आम्ही तिघंही गाडीजवळ उभे राह्यलो. आतून भात करपल्याचा वास येत होता.